ट्रेबलवरचा लाल ठिपका

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. तीनदा फोन केला. तिन्ही वेळा मामीने उचलला आणि तिन्ही वेळा तू 'आत्ताच बाहेर गेला' होतास. इतका बाहेर भटकणारा माणूस तू कधीच नव्हतास. म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसले.

बातमी अशी की नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात मला घेतलंय. पूर्ण नाही, अर्धं घेतलंय. मास्तर म्हणाले, "तालमी कर, पहिले चार प्रयोग वाजव, मग बघू." चौथा प्रयोग झाला की ठेवतील, नाहीतर नारळ देतील. दिवसभर मी चष्म्याच्या दुकानात लोकांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावते आणि पाच वाजले की बेस गिटार पाठीला अडकवून तालमीला पळते. मला ही जागा हवी आहे, मामा. इतकी हवी आहे की कोणाला सांगायचीही भीती वाटते.

आता अडचण. परवा तालीम मध्येच थांबवून मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरी, तुझी गिटार मला दिसते, पण ऐकू येत नाही." सगळे हसले. मीही हसले. मिक्सरवर बसणारी साउंडवाली ताई चांगली आहे. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की इथला बेसचा अँप म्हातारा झालाय, तू आपलं प्रीअँप पेडल, आवाजाला जोर देणारी छोटी डबी, घे, म्हणजे तुझा आवाज त्यातून थेट माझ्या मिक्सरला येईल.

दुकानात तीन पेडलं बघितली. एकाला आठ नॉब आहेत, बघूनच दडपण येतं. दुसऱ्यात जुन्या रेडिओत असायचा तसा काचेचा व्हॉल्व्ह आहे आणि तो मंद नारिंगी पेटतो. तिसरं साबणाच्या वडीएवढं, तीन नॉबचं. मला पेटणारं आवडलंय, हे आधीच कबूल करते. तू वीस-बावीस वर्षं बेस वाजवलीस, त्यानंतर लोकांचे अँप दुरुस्त करत आलास. तुला नाही तर कोणाला विचारू?

तुझी,
घुमी
(हे नाव तू ठेवलंस ते योग्यच होतं. इथेही सगळ्यांना वाटतं मी मुकी आहे.)

९ फेब्रुवारी

चि. घुमीस मामाचे भरभरून आशीर्वाद.

पत्र वाचून छाती फुगली. मामीला वाचून दाखवलं, मग शेजारच्या शिंप्याला, मग पुन्हा मामीला.

फोनचं म्हणशील तर आमची लाइन खराब झाली आहे. नुसती खरखर, आणि पलीकडचा माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा. मामी म्हणते लाइनला काही झालेलं नाही. तिचं मनावर घेऊ नकोस, तिला सगळंच ठीक वाटतं. तू आपली पत्रच लिही. पत्रातला शब्द पुन्हा पुन्हा वाचता येतो.

पेटणारं हवं असेल तर दिव्यांच्या दुकानात जा. घुमे, पेडल डोळ्यांनी घ्यायची वस्तू नाही. प्रीअँपचं काम साधं आहे. तारेतून निघालेला आवाज अगदी अशक्त असतो. त्याला थोडं अन्नपाणी देऊन, जरा इस्त्रीचे कपडे घालून पुढे पाठवायचं. एवढं केलं की झालं. आठ नॉबांतले पाच तुला कधीच लागणार नाहीत.

पण एक गोष्ट लिहून ठेव. दुकानात एकटीने वाजवून पसंत करू नकोस. एकटं वाजवताना खर्ज वर, ट्रेबल म्हणजे बारीक टोकदार आवाज तोही वर आणि मधला खाली, असा आवाज फार गोड लागतो. सगळे नवशिके त्यालाच भुलतात. मग बँडमध्ये गेलं की खर्ज ड्रमच्या पोटात जातो, ट्रेबल झांजांच्या, आणि तुझ्या वाट्याला उरतो तो मधलाच. तोच तू आधी कापून टाकलेला असतोस! मास्तरांना तू दिसतेस पण ऐकू येत नाहीस, त्याचं कारण हेच. दुकानदाराला गळ घाल, एक दिवस पेडल तालमीला ने, आणि चार माणसांचे कान घेऊन ठरव. आपल्या एकट्याच्या कानावर विसंबू नये.

बाकी ठीक. तुझ्या मामीने कानाच्या डॉक्टरचा लकडा लावलाय. कानात मळ साचलाय, दुसरं काही नाही. बावीस वर्षं ड्रमरच्या झांजेला डावा कान लावून उभा राहिलोय मी, कान काय चीज आहे ते मला शिकवायला निघाली आहे.

तुझा,
मामा

१६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तू जादूगार आहेस. पेटणारं पेडल एक दिवस मागून आणलं. खोलीत वाजवलं तर असा आवाज की मी स्वतःच्याच प्रेमात पडले. तालमीत नेलं आणि पहिल्या गाण्यात गायब! मग तू सांगितलंस तसं केलं, मधला थोडा वर, बाकीचे सरळ उभे. मास्तरांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. 

पण त्या पेडलाला आमच्या मिक्सरला जोडलं की घूं असा आवाज येतो. ताई म्हणते दुसरं बघ. साबणाची वडी कशी वाटते? की आठ नॉबवालं घेऊन पाच झाकून टाकू?

घुमी

३ मार्च

चि. घुमीस,

दुकानातलं काही घेऊ नकोस. सोबतच्या पार्सलमध्ये प्रीअँपचा एक डबा आहे. तो मी तुझ्यासाठी बनवलाय.

पत्र्याचा डबा आहे, रंग उडालेला वाटेल, पण आतलं काम बघ. एकेक जोड मी भिंगाखाली बघून सोल्डर केला आहे. चार नॉब: खर्ज, मधला, ट्रेबल आणि आवाज. नावं मामीने लिहिली, तिचं अक्षर चांगलं. मागे दोन वाटा आहेत, एक तुमच्या म्हाताऱ्या अँपकडे, दुसरी ताईच्या मिक्सरकडे. बाजूला छोटा खटका आहे. तुझ्या त्या 'घूं'वर तो इलाज. बॅटरी घालू नकोस, ऐन प्रयोगात मान टाकते. अ‍ॅडॉप्टर वापर.

आणि आता नीट वाच. अकरा दिवस मी माझी जुनी गिटार लावून या डब्याचे नॉब लावत होतो. माझ्या दुकानात, दार लावून, एकाग्र बसून. जसा आवाज हवा तसा मिळाला, तेव्हा मामीचं लाल नेलपॉलिश घेऊन प्रत्येक नॉबवर एक ठिपका दिला, अर्धा नॉबवर, अर्धा पत्र्यावर, म्हणजे प्रवासात हलायला नको. ते नॉब हलवायचे नाहीत. काहीही झालं तरी नाहीत. तारेचा स्पर्श कसा स्वच्छ येतो बघ. आणि फुसफुसाट? शोधून दाखव. एवढासाही नाही.

आयुष्यभर लोकांचं मोडलेलं सांधत आलो. नवं असं हे पहिलंच केलं. तुझ्या हातात शोभेल.

तुझा,
मामा

१० मार्च

प्रिय मामा,

डबा पोचला. किती सुंदर बनवलायस! काल पहिल्या प्रयोगाला तोच वापरला. आवाज अगदी स्वच्छ. मास्तर म्हणाले, "आता ऐकू येतेस." ताईने दोनदा विचारलं, कोणी बनवला. मी छाती पुढे काढून सांगितलं, माझ्या मामाने. घूं गेला. तुझे कान म्हणजे कान आहेत, मामा. असा डबा दुसऱ्या कोणाला जमला नसता.

तुझी,
घुमी

१० मार्च

प्रिय मामी,

हे पत्र तुझ्या कामाच्या ठिकाणी, ग्रंथालयाच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी नेऊ नकोस.

आजच मामाला एक पत्र टाकलंय. त्यातलं अर्धं खरं आहे. प्रयोग चांगला झाला, मास्तर खूश झाले, हे खरं. पण डबा त्याने लावून दिला तसा मी वाजवलाच नाही.

तालमीला पहिल्यांदा जोडला तेव्हा ताईने कानावरचे हेडफोन भिरकावले. तारेचा प्रत्येक स्पर्श सुईसारखा टोचत होता. बोट सरकलं की पाटीवर नख ओढल्यासारखं. आणि मी नुसती उभी होते तरी मागे फुस्स, नळ उघडा राहिल्यासारखं. ड्रमर म्हणाला, "हे काय, डबा रागावलाय का?" मला मामाची इतकी लाज राखायची होती की मी म्हटलं, माझ्याच हातून काहीतरी झालंय.

दुसऱ्या दिवशी दुकानातला चष्म्याच्या स्क्रूचा बारीक पेचकस घेतला आणि ट्रेबलवरचा ठिपका तोडला.  त्याने ट्रेबल पार टोकाला नेऊन ठेवला होता. तो मी अर्ध्याच्याही खाली आणला. सुई गेली, फुस्स गेलं, आणि मामी, मग जो आवाज आला तो मी आजवर ऐकला नव्हता. खर्ज आणि मधला तर इतके नेमके लावलेत की मी त्यांना बोट लावलं नाही. मग एवढा मोठा कारागीर ट्रेबललाच कसा चुकला? पार्सलात काही हललं असेल का? तसंच असेल.

त्याला सांगू नकोस. त्याने अकरा दिवस घातलेत.

तुझी,
घुमी

१७ मार्च

चि. घुमी,

पार्सलात काही हललेलं नाही. ठिपका तू स्वतः तोडलास ना? तो जुळलेला होता म्हणूनच तोडावा लागला.

तुझं मामाला लिहिलेलं पत्र परवा आलं. त्याने ते मोठ्याने वाचलं. 'तुझे कान म्हणजे कान आहेत' हे वाक्य तीनदा. मग मला म्हणाला, "कान खराब असते तर हा डबा जमला असता का? तूच सांग."  गुरुवारची कानाच्या डॉक्टरची वेळ मी तीन महिने मागे लागून ठरवली होती. त्याने ती रद्द करायला लावली. तुझं पत्र दुकानाच्या टेबलावर काचेखाली ठेवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.

दारावरची बेल त्याला ऐकू येत नाही. किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडते आणि हा शेजारी बसून पेपर वाचतो. मी पाठमोरी बोलले की "हो हो" म्हणतो, आणि मी काय विचारलं होतं ते त्याला ठाऊक नसतं. फोनची लाइन चांगली आहे. मागच्या महिन्यात त्याने दुरुस्त केलेले दोन अँप लोकांनी परत आणले, फुसफुस येते म्हणून. त्याने त्यांच्याशी भांडण काढलं.

मी सांगून थकले. माझं तो ऐकत नाही, आणि हे मी दोन्ही अर्थांनी लिहितेय. तुझं ऐकेल. तू रागावू नकोस, पण तुझ्या गोड पत्राने माझा गुरुवार घालवला. आता तूच तो परत आण.

मामी

२१ मार्च

प्रिय मामा,

हे पत्र दुकानात एकटाच असताना वाच.

मी तुला खोटं लिहिलं. डबा तू दिलास तसा मी वाजवू शकले नाही. आवाज टोचत होता आणि मागे फुसफुसाट होता, मामा. भरपूर होता. मी ट्रेबलचा ठिपका तोडून नॉब खाली आणला. त्यानंतरच तो डबा सगळ्यांना आवडला. तुला वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याने तुझं भलं होणार नव्हतं, हे मला आत्ता कळतंय.

पहिल्यांदा वाटलं तुझा हात चुकला. पण तुझा हात चुकत नाही, हे मी लहानपणापासून बघत आलेय. मग काल दुकानात एक गोष्ट घडली. एका गिऱ्हाइकाने टेबलावरचा तयार चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला आणि ओरडायला लागला, "हे काय बनवून ठेवलंत? मला चक्कर येतेय!" मी बघितलं तर तो चष्मा त्याचा नव्हताच, त्याच्या आधी आलेल्या बाईंचा होता. चष्म्यात काहीच चूक नव्हती. दहा मिनिटांनी त्या बाईंनी तो घातला आणि रस्त्यापलीकडची पाटी घडाघड वाचली.

मी तिथेच खुर्चीत बसले. तुझा डबा तसाच आहे, मामा. तो बरोबर बनलाय, फक्त तुझ्या कानांच्या नंबरचा बनलाय. जे तुला कमी ऐकू येतं, ते तू तितकंच वाढवून ठेवलंस. खर्ज आणि मधला जसेच्या तसे चालले, कारण ते तुला अजून आमच्याइतकेच ऐकू येतात. फुसफुसाट नाही असं तू लिहिलंस ते खोटं नव्हतं. तुझ्यासाठी तो नव्हताच.

माझ्याकडे रोज अशी माणसं येतात, जी डोळे बारीक करून म्हणतात, मला सगळं दिसतं, तुमचा तक्ताच पुसट आहे. मी त्यांना हसत नाही. मला त्यांची फार काळजी वाटते. तुझी लाइन खराब नाही, मामा.

डॉक्टरकडे जा. माझं ते पत्र काचेखालून काढ. ते प्रमाणपत्र म्हणून लावण्याच्या लायकीचं नाही. रागावायचं असेल तर माझ्यावर रागाव, मामीवर नको.

तुझी,
घुमी

१४ एप्रिल

प्रिय मामा,

तुझं पत्र नाही. तीन आठवडे झाले. मामीही काही लिहीत नाही.

काल चौथा प्रयोग झाला. पडदा पडल्यावर मास्तर आले आणि म्हणाले, "उद्यापासून वेळेवर येत जा." मी म्हटलं, मी रोज वेळेवरच येते. ते म्हणाले, "म्हणजे तू आता आमची." झालं एवढंच. मला जागा मिळाली. तुझ्या डब्याने मिळाली. पहिल्यांदा तुला सांगावंसं वाटलं आणि तुलाच सांगता येईना.

रागावला असशील तर तसं लिही. पण लिही.

घुमी

२ मे

चि. घुमीस,

रागावलो होतो. खोटं बोलत नाही, तुझं पत्र वाचलं आणि फाडलं. मग तुकडे गोळा करून टेबलावर जुळवले आणि पुन्हा वाचलं. अँप दुरुस्त करणाऱ्याला तुकडे टाकवत नाहीत. चार दिवस मामीशी बोललो नाही. तिला ते कळलं का ते माहीत नाही, कारण ती बोलली असेल तर मला ऐकू आलं नसणार.

मग एके दिवशी दुकान बंद केलं, जुनी गिटार घेतली, रेडिओवाल्या मित्राची शाळकरी मुलगी बोलावली आणि तिला म्हटलं, फुसफुस ऐकू आली की हात वर कर. तिने हात वर केला तो खाली घेईचना. मी नॉब उतरवत गेलो. अर्ध्याच्या खाली गेल्यावर तिने हात खाली घेतला. तिथे माझ्या कानाला आवाज गोधडी पांघरल्यासारखा लागत होता.

पुढच्या गुरुवारी मामीबरोबर गेलो. काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीचे जाड आवाज मी पटापट दाबले, एकही सोडला नाही. मग आवाज बंद झाले. मी वाट बघितली. बराच वेळ काही नाही. मग मी हेडफोन काढून तपासणाऱ्या बाईंना सांगितलं, "तुमची वायर तुटली आहे. द्या, मी बघतो, दोन मिनिटांचं काम आहे." खिशातला पेचकससुद्धा काढला.  त्यांनी तो हेडफोन मामीच्या कानाला लावला. मामीने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. वाजत होतं.

घुमे, मी तिच्याशी किती वर्षं भांडलो होतो!

तपासणीचा कागद घरी आणला. त्यावर एक रेघ असते. खर्जाच्या बाजूला ती सपाट आहे, विशीतल्या माणसासारखी, असं त्या बाई म्हणाल्या. मग पुढे ती जिना उतरल्यासारखी खाली जाते, डाव्या कानाची जास्त. डबा बनवताना मी वहीत नॉबांच्या जागा लिहून ठेवल्या होत्या. तो कागद आणि ती वही शेजारी ठेवून बघितली. जिथे रेघ खाली घसरली होती, नेमका तिथलाच नॉब मी वर चढवला होता. डॉक्टरांनी मशीन लावून जे सांगितलं, ते तुझ्याकडच्या पत्र्याच्या डब्यावर आधीच होतं.

तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, आपल्या एकट्याच्या कानावर विसंबू नकोस. आणि स्वतः दार लावून अकरा दिवस बसलो. त्या दोन अँपवाल्यांकडे जाऊन माफी मागून आलो. एकाने चहा पाजला. दुसरा अजून फुगलेला आहे, ते रास्तच आहे.

फोनबद्दल तू ओळखलंसच. तुझा आवाज मुळातच बारीक. मला त्यातला अर्धा कळायचा नाही आणि 'काय, काय' करायची लाज वाटायची. म्हणून बाहेर जायचो. म्हणजे मोरीत जाऊन उभा राहायचो.

कानाची यंत्रं सांगितली आहेत, या महिन्याच्या शेवटी येतील. त्याच्या आधी एक काम कर. डबा घेऊन ये. ट्रेबल पुन्हा माझ्या जागेवर लाव आणि मला एकदा वाजवून दाखव. यंत्रातून काय ऐकू येईल ते येईल. पण या माझ्या कानांनी, माझ्याच डब्यातून, तुला एकदा पूर्ण ऐकायचं आहे. तू वाद्यवृंदात लागलीस त्याचा आनंद मी एकट्याने दुकानात साजरा केला. आता ये, तोही पुन्हा साजरा करू.

तुझा,
मामा

८ मे

प्रिय मामा,

शनिवारी सकाळी येते. दोन दिवस राहीन.

ठिपका मी तोडला होता, पण पुसला नव्हता. अर्धा लाल नॉबवर आहे, अर्धा पत्र्यावर. आत्ता नॉब फिरवून बघितला. दोन्ही अर्धे एकमेकांना बरोबर भेटतात, मध्ये फक्त केसाएवढी चीर दिसते. जागा शोधावी लागणार नाही.

मामीला सांग, कानात घालायला कापूस काढून ठेव.

घुमी

३० मे

चि. घुमीस अनेक आशीर्वाद.

यंत्रं परवा आली. सगळं जग वर्तमानपत्र चुरगाळल्यासारखं वाजतंय. नळ, चपला, माझाच शर्ट. मामी जिन्यावरून येताना काहीतरी गुणगुणते, हे मला ठाऊकच नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "लग्न झाल्यापासून." मी यंत्रं काढून ठेवतो आणि मामी परत घालायला लावते. दिवसाला चार तासांवर आमचा समझोता झाला आहे.

पण मला त्या शनिवारबद्दल लिहायचं आहे. तू ठिपका जुळवलास आणि वाजवायला बसलीस. मामी पहिल्या सुरालाच कापूस घेऊन आत गेली. तूही दात आवळले होतेस, मला दिसत होतं. तुझ्या कानांना तो छळ होता आणि तू अर्धा तास वाजवलंस. एकदाही तुझा हात नॉबकडे गेला नाही.

सूर बदलताना तुझं बोट तारेवरून सरकतं, त्याचा एक बारीक आवाज येतो. तुम्ही लोक तो लपवायला बघता. तू आठ-नऊ वर्षांची असताना मी तुला पहिल्यांदा गिटार धरायला शिकवलं, तेव्हा तो आवाज सारखा यायचा आणि तू वैतागून रडायचीस. मी त्यानंतर तो ऐकलाच नव्हता. मला वाटायचं, पोरीचा हात सुधारला. त्या दिवशी कळलं, तो येतच होता. डोळ्यांत काहीतरी गेलं असं मी तुला सांगितलं, ते खोटं होतं. तुझं एक खोटं, माझं एक. फिट्टंफाट.

आता तो डबा तुझा. ट्रेबल तुला हवा तिथे लाव आणि तुझा नवा ठिपका दे, चार माणसांना विचारून. फक्त पत्र्यावरचा माझा अर्धा ठिपका खरवडू नकोस. राहू दे तिथे.

आणि रविवारी सकाळी दहा वाजता फोन कर. मामी नाही, मी उचलेन. लाइन दुरुस्त झाली आहे.

तुझा,
मामा